शपथ, धाक आणि निबंध

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्श गाडीने मोटरसायकलला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवल्याचा आरोप ज्याच्यावर होता तो मालकाचा मुलगा सतरा वर्षांचा होता. काही तासांत बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. जामिनाच्या अटींमध्ये एक अट होती : रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायचा. पुढचे कित्येक दिवस महाराष्ट्रात त्या निबंधावर संताप होता आणि विनोदही. आदेश लवकरच बदलला. लोकांचा राग शिक्षा इतकी हलकी कशी यावर होता आणि तो रास्तच होता. पण तो निबंध काही कुणाच्या डोक्यात अचानक आलेली लहर नव्हती. वयात येणाऱ्या मुलाकडून चार चांगले शब्द वदवून घेतले, लिहून घेतले, की तो धोक्याच्या वाटेला जाणार नाही, ही समजूत पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. तिचं घराणं मोठं आहे आणि त्याची वंशावळ बऱ्यापैकी स्पष्ट सापडते.

मूळपुरुष शोधत गेलं तर इंग्लंडच्या लीड्स शहरात १८४७ साली पोचता येतं. गिरण्यांचं शहर, आणि कामगारवस्तीत दारू पाण्याइतकी सहज. त्याआधी पंधरा वर्षं प्रेस्टनमध्ये सात जणांनी संपूर्ण दारूत्यागाची शपथ घेतली होती आणि शपथेची ती चळवळ देशभर फोफावली होती. पण मुरलेला दारूडा शपथ घेतो आणि मोडतो, हा अनुभव कार्यकर्त्यांना रोज येत होता. तेव्हा जेबेझ टनिक्लिफ या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिशा बदलली. ज्यांनी अजून प्याला ओठांना लावलेलाच नाही त्यांच्याकडे, म्हणजे लहान मुलांकडे, वळायचं. त्यातून ‘बँड ऑफ होप’ उभं राहिलं. मूल एका ओळीच्या शपथेखाली सही करी आणि सभासद होई.

पूर्वीच्या सुधारकांना बिघडलेला माणूस दुरुस्त करायचा होता. इथे न बिघडलेल्याला आधीच बांधून घ्यायचं ठरलं. प्रतिबंध ही कल्पना इथे संघटितपणे मुलांवर राबवली गेली. मात्र ‘बँड ऑफ होप’मध्ये शपथेखेरीज आणखीही बरंच होतं : दर आठवड्याची सभा, समूहगायन, मॅजिक लँटर्नचे खेळ, मिरवणुका, सहली. गिरणगावातल्या मुलाची संध्याकाळ कुठेतरी, कुणाच्या तरी संगतीत आनंदाने जात होती. मोठ्यांनी श्रेय दिलं ते मात्र शपथेला. संध्याकाळीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि हे दुर्लक्ष फार पुढेपर्यंत टिकलं.

शपथेतून पाठ्यपुस्तक तयार झालं ते अमेरिकेत. १८७४ साली तिथे ‘वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ ही दारूविरोधी स्त्रियांची संघटना स्थापन झाली. मराठी वाचकांना ती फार लवकर कळली, कारण १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाईंचा या संघटनेशी आणि तिच्या अध्यक्ष फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी जवळचा संबंध आला. १८८९ साली आलेल्या आपल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात त्यांनी तिथल्या स्त्रियांच्या या संघटनाशक्तीची कौतुकाने ओळख करून दिली.

याच संघटनेत मेरी हंट ही पूर्वाश्रमीची शिक्षिका होती. तिने एकच ध्यास घेतला : प्रत्येक शाळेत शरीरशास्त्राच्या तासाला दारू आणि तंबाखूचे दुष्परिणाम सक्तीने शिकवले गेले पाहिजेत. १८८२मध्ये व्हर्माँट राज्याने तसा कायदा केला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात असा कायदा झाला. पुस्तकांना हंटबाईंच्या समितीची मान्यता लागे. अल्कोहोल घशातून उतरताना आतली त्वचा जाळत जातं, अशा धर्तीची विधानं त्या पुस्तकांत असत. वर्गात शिक्षक अंड्याच्या पांढऱ्या बलकावर अल्कोहोल ओतत, बलक साकळे, आणि तुमच्या मेंदूचं असंच होणार असं मुलांना सांगितलं जाई. ‘कमिटी ऑफ फिफ्टी’ या अभ्यासगटाने १९०३ साली या मजकुरावर सविस्तर टीका केली. मुलांना वाचवायच्या नादात त्यांना खोटं सांगितलं जात होतं. १९२०मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा तिच्या समर्थकांनी या पाठ्यपुस्तकांवर वाढलेल्या पिढीला श्रेय दिलं. १९३३मध्ये ती बंदी उठली, तेही याच पिढीच्या डोळ्यांदेखत.

आतापर्यंत कुणी एक साधा प्रश्न विचारला नव्हता. ज्या मुलांना हे सगळं मिळालं नाही त्यांचं काय झालं? तो प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या कामगारवस्तीच्या गावांमधल्या एका प्रयोगाने. रिचर्ड कॅबट हे हार्वर्डचे नामवंत डॉक्टर. मुलगा गुन्हेगारीकडे वळण्याआधीच त्याला एक जिव्हाळ्याचा, वडीलधारा मित्र मिळाला तर तो सावरेल, अशी त्यांची श्रद्धा होती. श्रद्धेवर ते थांबले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. वय, घर, स्वभाव पाहून मुलांच्या सारख्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या कुणाला मदत द्यायची हे नाणं उडवून ठरवलं. एका बाजूला २५३ मुलं, दुसऱ्या बाजूला २५३. १९३९ ते १९४५ समुपदेशक घरी जात राहिले. अभ्यास घेतला, डॉक्टरांकडे नेलं, उन्हाळी शिबिरांना पाठवलं. कॅबट स्वतः १९३९मध्येच वारले.

तीस वर्षांनी जोन मकॉर्ड या संशोधक बाईंनी ती मुलं, म्हणजे आता चाळिशी-पन्नाशीचे पुरुष, शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की त्या उपक्रमाने आमचं भलं झालं. काहींना आपल्या समुपदेशकाची प्रेमाने आठवण होती. मग मकॉर्ड यांनी न्यायालयांचे, इस्पितळांचे आणि मृत्यूचे दाखले दोन्ही गटांसाठी पडताळले. मदत मिळालेल्यांमध्ये दुसऱ्यांदा गुन्हा करणारे अधिक निघाले. दारूच्या आहारी गेलेले, मानसिक आजार जडलेले आणि अकाली मेलेलेही त्याच गटात जास्त. १९७८ साली हे निष्कर्ष छापून आले. पुढच्या विश्लेषणात आणखी एक धागा सापडला : नुकसान प्रामुख्याने त्या मुलांचं झालं होतं, ज्यांना उन्हाळी शिबिरात एकाहून अधिक वेळा पाठवलं होतं. मुलं आठवडेच्या आठवडे एकत्र ठेवली, तर ती एकमेकांकडून काय शिकतील याचा विचार कुणी केला नव्हता.

पण १९७८ साल लोकांच्या लक्षात राहिलं ते वेगळ्याच कारणाने. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगातले जन्मठेपेचे कैदी १९७६पासून उनाड पोरांना आत बोलावून तुरुंगातलं जगणं दाखवत होते : शिवीगाळ, अंगावर धावून जाणं, इथे तुमचं काय होईल याची भीषण वर्णनं. त्यावर ‘स्केअर्ड स्ट्रेट!’ हा माहितीपट निघाला. ‘कोलंबो’ मालिकेतल्या पीटर फॉकने त्याचं निवेदन केलं, त्याला ऑस्कर मिळालं, आणि अमेरिकेत जागोजागी असे तुरुंगदर्शनाचे कार्यक्रम सुरू झाले. रडवेल्या चेहऱ्याचा पोरगा पडद्यावर दिसला की पाहणाऱ्याला वाटतं, आता हा सुधारला. जेम्स फिंकनॉअर या संशोधकाने त्या तुरुंगात जाऊन आलेली आणि न गेलेली मुलं सहा महिन्यांनी तपासली. गेलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के मुलांनी पुन्हा गुन्हा केला होता, न गेलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के. पुढे अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तोही हेच सांगतो : हा कार्यक्रम करण्यापेक्षा काहीच न करणं बरं. तरीही २०११मध्ये याच धर्तीची टीव्ही मालिका आली आणि चार-पाच वर्षं चालली. धाकाला प्रेक्षक मिळतोच.

शपथ आणि धाक यांच्यापेक्षा हुशार अशी एक शाखाही या घराण्यात आहे. ह्यूस्टन विद्यापीठातल्या रिचर्ड इव्हान्स यांनी १९७०च्या दशकात शाळकरी मुलं सिगारेट का ओढतात याचा अभ्यास केला. सिगारेट वाईट हे मुलांना आधीच पाठ होतं. ती ओढत होती मित्रांमुळे, घरच्यांकडे पाहून, जाहिरातींमुळे. त्याआधी विल्यम मग्वायर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की एखाद्या प्रचाराचा सौम्य डोस आधी देऊन त्याला उत्तर शोधायला लावलं, तर माणूस पुढच्या मोठ्या प्रचाराला बळी पडत नाही. देवीची लस टोचावी तसं. इव्हान्स यांनी तीच लस मित्रांच्या दबावावर वापरून पाहिली. मुलांना आग्रहाचे नमुने दाखवायचे, नकार देण्याचा सराव घ्यायचा. कल्पना अर्धवट होती, पण खोटी नव्हती.

मग ती राजकारणाच्या हाती लागली. १९८२मध्ये ओकलंडच्या एका प्राथमिक शाळेत मुलीने विचारलं, कुणी ड्रग्ज देऊ केले तर काय करायचं? राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन म्हणाल्या, सरळ नाही म्हणायचं. ती घोषणा झाली, तिचे हजारो क्लब निघाले. १९८३मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी तिथल्या शाळाखात्याबरोबर ‘डेअर’ हा कार्यक्रम आखला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका प्रयोगाचा अभ्यासक्रम त्यांनी उचलला, तो प्रयोग पुरता तपासून होण्याआधीच. गणवेशातला पोलीस आठवड्यातून एकदा, सतरा आठवडे, पाचवी-सहावीच्या वर्गात यायचा. शेवटी समारंभ, टी-शर्ट, प्रमाणपत्र. आणि ते मिळवण्यासाठी प्रत्येक मुलाने लिहायचा एक निबंध.

ऐन भरात हा कार्यक्रम अमेरिकेतल्या सुमारे तीन चतुर्थांश शाळा-जिल्ह्यांत होता. शाळा खूश, पालक खूश, पोलिसांची प्रतिमा उजळलेली. १९९४मध्ये त्यावरच्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला : ड्रग्जच्या वापरावर परिणाम नगण्य. १९९९मध्ये, मुलं विशीत पोचल्यावर, दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा ‘डेअर’ मिळालेली आणि न मिळालेली मुलं यांत फरकच नव्हता. २००१मध्ये सर्जन जनरल या सरकारच्या प्रमुख आरोग्याधिकाऱ्याच्या अहवालाने त्याला निष्फळ कार्यक्रमांच्या यादीत टाकलं. पुढे अभ्यासक्रम बदलला गेला, पण एक पिढी त्या समारंभांतून गेलेली होती.

याच काळात सरकारने जाहिरातींचा मार्गही अवलंबला. १९९८ ते २००४मध्ये किशोरांसाठीच्या ड्रग्जविरोधी जाहिरातींवर जवळपास एक अब्ज डॉलर मंजूर झाले. सरकारनेच नेमलेल्या मूल्यमापनकर्त्यांना गांजाचा वापर कमी झाल्याचं काही आढळलं नाही. उलट जाहिराती जास्त पाहिलेल्या काही मुलांचा कल गांजाकडे थोडा वाढलेला दिसला. संशोधकांच्या मते एक कारण असं की सारखी जाहिरात पाहून मुलांना वाटलं, एवढा गाजावाजा आहे त्याअर्थी सगळेच ओढत असणार.

शपथही पुन्हा अवतरली. १९९३मध्ये सदर्न बाप्टिस्ट चर्चने लग्नापर्यंत शरीरसंबंध न ठेवण्याची शपथ किशोरांना द्यायला सुरुवात केली आणि लाखो मुलांनी त्या कार्डावर सह्या केल्या. पीटर बेअरमन आणि हाना ब्रुकनर यांचा २००१चा अभ्यास या प्रकरणात फार बोलका आहे. शपथ घेणाऱ्यांचा पहिला संबंध सरासरी दीड वर्ष पुढे गेला, पण शाळेत शपथ घेणारे थोडे असले तरच. शपथ सगळ्यांनीच घेतली की तिचा असर जाई. म्हणजे काम करत होती ती आपण चारचौघांपेक्षा वेगळे आहोत ही गटाची जाणीव. शिवाय शपथ मोडणारी मुलं पहिल्या वेळी गर्भनिरोधक वापरण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी होती. ज्यांनी जायचंच नाही ठरवलं त्यांनी वाटेची तयारीही केलेली नव्हती.

इथवरच्या अपयशांत एक समान धागा आहे. मोठ्यांनी किशोराला एकटा समजून त्याच्याशी बोलायचं ठरवलं, आणि किशोर या वयात एकटा नसतोच. टेंपल विद्यापीठात २००५मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी किशोरांना, तरुणांना आणि प्रौढांना गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ दिला, काहींना एकट्याने तर काहींना मित्र बघत असताना. १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्रांसमोर जवळपास दुप्पट धोका पत्करला, प्रौढांमध्ये फरक पडला नाही. त्याआधी ऑरेगनमध्ये टॉम डिशन यांनी मुलांच्या गप्पांचं चित्रण करून पाहिलं होतं. नियम मोडल्याच्या किश्श्यावर मित्र हसला की पुढचा किस्सा वाढत जाई, आणि ज्यांच्या गप्पांत हे हसू जास्त, त्यांचं पुढचं वागणंही बिघडे. १९९९मध्ये डिशन, मकॉर्ड आणि पूलाँ यांनी मिळून दाखवलं की धोक्यातल्या मुलांचा सुधारगट करणं हेच कधी कधी धोक्याचं कारण होतं.

या घराण्याची एक धाकटी पातीही आहे, जिच्या वाट्याला गाजावाजा आला नाही. कॅन्ससमध्ये १९६९ साली चौथीच्या वर्गासाठी एक साधा खेळ बेतला गेला. वर्गाचे संघ पाडायचे, आणि ज्या संघाचा गोंधळ कमी त्याला छोटंसं बक्षीस. बाल्टिमोरमध्ये १९८०च्या दशकात पहिलीच्या मुलांवर तो नाणेफेकीच्या पद्धतीने तपासला, तेव्हा सुरुवातीला सर्वांत आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये विशीत ड्रग्जचं व्यसन लक्षणीय कमी आढळलं. त्या खेळात ड्रग्जचा एकदाही उल्लेख नाही. न्यूझीलंडने १९८७मध्ये किशोरांच्या वाहन परवान्याचे टप्पे केले : सुरुवातीला रात्री गाडी चालवायची नाही, मित्र बसवायचे नाहीत. पुढे अनेक देशांनी ही पद्धत घेतली आणि तरुण चालकांचे अपघात घटले. इथेही भाषण नव्हतं. फक्त रात्र आणि मित्र यांचा मेळ तोडला होता.

सर्वांत धाडसी प्रयोग आइसलंडने केला. १९९०च्या दशकात रेक्याविकच्या रस्त्यांवर शुक्रवारी रात्री दारू प्यायलेल्या पोरांचे थवे असत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हार्वी मिल्कमन यांनी डेन्व्हरमध्ये १९९२पासून व्यसनाधीन किंवा चुकार मुलांना संगीत, नृत्य, चित्रकला, मार्शल आर्ट शिकवून पाहिलं होतं. मुलांना झिंग हवी असेल तर ती दुसऱ्या मार्गाने मिळू द्या, असं त्यांचं म्हणणं. इंगा डोरा सिगफुसडोटिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या किशोरांच्या प्रश्नावल्यांतून पाहिलं की न पिणारी मुलं आठवड्यातून अनेकदा खेळतात, आईवडिलांबरोबर वेळ घालवतात आणि रात्री उशिरा बाहेर नसतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यावर बेतलेलं धोरण आलं. तंबाखू १८च्या आत आणि दारू २०च्या आत विकायची नाही. १३ ते १६ वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर बाहेर राहायचं नाही. पालकांनी आपसात करार करायचे. आणि पैसा घालायचा तो मैदानं, संगीतशाळा, क्लब यांत. रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे वर्षाला ठरावीक रकमेचं छंदकार्ड मिळू लागलं. सर्वेक्षण दरवर्षी, आणि त्याचे निष्कर्ष त्या-त्या शाळेला, वस्तीला लगेच परत.

१९९८मध्ये १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी आदल्या महिन्यात दारू पिऊन नशा केली होती. २०१६मध्ये ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. या आकड्यांना भुलून जायचं कारण नाही. याच काळात शेजारच्या नॉर्डिक देशांतही किशोरांचं पिणं घटलं, आणि आइसलंडने नाणं उडवून अर्धा देश बाजूला ठेवला नव्हता. संचारबंदी सगळीकडे खपेल असंही नाही. तरी या धोरणाने विचारलेला प्रश्न आधीच्यांहून निराळा होता. मुलाला काय सांगायचं, याऐवजी त्याची संध्याकाळ कुठे जाते, असा तो प्रश्न होता.

आपल्याकडे दोन्ही धारा आहेत. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला आणि शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत ती विकायला बंदी आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ ही वयोमर्यादा आहे. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या तरतुदीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे कायदे परिस्थितीला हात घालणारे आहेत, म्हणजे धाकट्या पातीचे. पण त्यांची अंमलबजावणी कष्टाची. टपरी हलवायला नगरसेवकाशी भांडावं लागतं, मुलाला किल्ली न देण्यासाठी घरात वाद घालावा लागतो, सोसायटीतली क्रिकेटबंदीची पाटी काढायला काकालोकांना समजवावं लागतं. त्या मानाने २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, प्रार्थनेनंतर हात पुढे करून व्यसनमुक्तीची शपथ देणं सोपं. दहा मिनिटांत होते, फोटो निघतो, कुणी दुखावत नाही.

म्हणूनच हे घराणं इतकं टिकलं. शब्दांनी मुलं बदलली नाहीत, पण ऐकवणाऱ्यांचं समाधान दरवेळी झालं, आणि ते खरं होतं. केंब्रिज-सॉमरव्हिलच्या त्या दोन तृतीयांश पुरुषांचं समाधानही खरंच होतं. म्हणून समाधान हा पुरावा धरायचा नाही. महानगरपालिका, जिल्हा परिषद किंवा एखादी संस्था किशोरांसाठी उपक्रम घेऊन आली की पालकांनी आणि शिक्षकांनी दोन प्रश्न विचारावेत. हा ज्या शाळांत झाला नाही तिथली मुलं दोन वर्षांनी कशी होती? आणि हा संपल्यावर संध्याकाळी सहा ते नऊ मुलं कुठे असतील? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला वेळ आणि थोडा पैसा लागतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मैदान लागतं, शिक्षक लागतो, घरी वेळेवर येणारे आईबाप लागतात. ते महाग आहे, आणि आजवर जे थोडंफार उपयोगी पडलं ते बहुतेक याच बाजूचं होतं.